बागेतला रणगाडा

सुमेध,

तुझ्या पुण्यानुमोदनाला आत्या जालन्याहून आली. वंदना झाली, मेणबत्त्या लागल्या, फोटोला हार घातला आणि मग एकेक जण उठून तुझ्याबद्दल चांगलं बोलायला लागला. तुला आवडलं नसतं. शेवटी आत्या उठली, पदर डोळ्याला लावला आणि म्हणाली, "सुटलं बाई लेकरू. माझी भावजयबी सुटली." सगळ्यांनी माना हलवल्या. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाचच धुतलेले कप पुन्हा धुवायला घेतले. तिथेच बसले असते तर आत्याला काहीतरी बोलून गेले असते आणि ते निस्तरणं आईच्या नशिबी आलं असतं.

सुटला म्हणे. तुला कुठे सुटायचं होतं? तुला जगातल्या सगळ्या रणगाड्यांची क्रमवारी पूर्ण करायची होती. पहिला नंबर जाहीर करायचा राहिलाच होता. आणि माझ्याशी भांडण अर्धवट होतं. भांडण अर्धवट टाकून जाणाऱ्या माणसाला सुटला म्हणत नाहीत, पळाला म्हणतात. हे तुझ्या तोंडावर म्हटलं असतं तर तू खूश झाला असतास, म्हणून म्हणतेय.

लोकांना तुझा आजार लगेच समजायचा, तू कधीच समजायचा नाहीस. पहिली-दुसरीत धडपडायला लागलास, मग जिना चढताना गुडघ्यावर हात ठेवायला लागलास, शाळा संपायच्या आत व्हीलचेअर आली. स्नायू झिजत जातात, पुढे छातीचे आणि काळजाचेही झिजतात, असं डॉक्टरांनी आईबाबांना सांगितलं होतं. तुला कोणी सांगितलं नाही, तू स्वतःच इंटरनेटवर वाचलंस. आणि त्याच आठवड्यात तू रणगाड्यांकडे वळलास. मी विचारलं, हे काय नवीन? तर म्हणालास, "साठ टन वजन आहे ताई, आणि चिखलातून पळतो. मी पस्तीस किलोचा, आणि मला बाथरूमला जायला दोन माणसं लागतात. बघू तरी, कसं करतात."

दिंडोशीची आपली बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट नाही. तुला पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर, आणि दवाखान्यासाठी जिन्यावरून खाली, हे आपल्या चौघांचं रोजचं काम. तू त्याचा टँक केलास. तू कमांडर. बाबा आयुष्यभर बसवर ड्रायव्हर, त्यामुळे तिथे वादच नव्हता. आई गनर, कारण तिचा नेम चुकत नाही, चप्पल असो की शब्द. आणि मी लोडर. तोफेत हाताने गोळा उचलून भरणारा चौथा माणूस. अमेरिकन अब्राम्समध्ये गोळा भरून झाला की लोडर ओरडतो, "अप!" मग पुढचं काम सुरू. तू तोच नियम घरात लावलास. मी तुझ्या काखेत हात घालायचे, पकड बसली की "अप!" म्हणायचे, आणि तू म्हणायचास, "पुढे!" तोवर तुला कोणी हलवायचं नाही. पाहुण्यांसमोर मला लाज वाटायची. एकदा मुद्दाम नाही म्हटलं, तर तू मान कडक करून बसलास, गोळा भरल्याशिवाय टँक चालणार नाही म्हणे. आईने मला डोळे दाखवले. "म्हण की बाई एकदाचं, माझी कंबर चालली."

बाबा डेपोतच गेले, ड्यूटी संपवून चहा पिता पिता. चौघांचे तिघे झालो. तेव्हापासून आपलं ते भांडण सुरू झालं, जे खरं तर कधीच टँकचं नव्हतं.

रशियन टँकमध्ये माणसं तीनच. लोडर नाही, गोळा मशीन भरतं, त्याला ऑटोलोडर म्हणतात. टी-नाइन्टीत तसंच. अब्राम्स, लेपर्ड, चॅलेंजर, आपला अर्जुन, यांत माणूस भरतो. बाबा गेल्यावर आठवड्याभरात तू जाहीर केलंस की आजपासून तू मशीनच्या बाजूचा.

"लोडर थकतो, ताई. सुरुवातीचे गोळे झटपट, मग हात जड होतात. मशीनला कंबर नसते."

"आणि मशीन अडकलं तर?"

"तर वाट लागली."

"बघ. आणि चाकांवरचा ट्रॅक तुटला तर? चढवायला चौथे हात कुठून आणणार? पहारा कोण देणार? चहा कोण करणार?"

"चॅलेंजरमध्ये चहाचं भांडं आतच असतं. ब्रिटिशांनी त्याची सोय आधी केली, मग तोफेची."

आई कमरेला पट्टा बांधून भाजी निवडत होती. आपण दोघांनी तिच्याकडे बघितलं. मग मुलुंडच्या एका कुटुंबाकडून माणूस उचलायचं ते जुनं यंत्र आलं, झोळी आणि हँडलवालं. तू त्याचं नाव ऑटोलोडर ठेवलंस. मी ते महिनाभर वापरलं नाही. हातानेच उचलत राहिले, तुझ्या डोळ्यांसमोर, हट्टाने. मी "अप" म्हटल्यावर तू "पुढे" म्हणायला मुद्दाम वेळ लावायचास, म्हणजे माझे हात भरून यावेत. इतका दुष्ट होतास. पुढे यंत्र वापरायला लागलो, आईची कंबर थोडी बरी झाली, आणि तू प्रत्येक वेळी झोळीत लोंबकळत माझ्याकडे असं बघायचास की जणू रशियाने युद्ध जिंकलं.

तुझे व्हिडिओ. लेपर्ड विरुद्ध अब्राम्स, मर्काव्हाचं इंजिन पुढे का आणि दार मागे का, कोरियाचा के-टू गुडघे टेकल्यासारखा कसा वाकतो. चित्रं इकडून तिकडून, आवाज तुझा. खाली लोक लिहायचे, "भाऊ, जेवला नाहीस का? मोठ्याने बोल ना यार." तू त्यांना कधी सांगितलं नाहीस. मी उत्तर द्यायला निघाले तर रागावलास. "त्यांना टँक बघायचेत ताई, मला नाही." तुला एक वाक्य बोलायला मध्ये दोनदा थांबावं लागायचं. रेकॉर्डिंग झालं की मी संगणकावर बसून तुझे मधले श्वास कापून काढायचे. वाक्य सलग व्हायचं. झकास, म्हणायचास. ते कापलेले तुकडे मी पुसून टाकत गेले, कचराच तो. आता सगळ्या व्हिडिओंत तू न थांबता बोलतोस, दमही न घेता, आणि तो तू नाहीसच. मला ते श्वास हवे आहेत.

क्रमवारीवरून आपलं कधी पटलं नाही. तुझं माप तोफ, चिलखत आणि वेग. माझं माप एकच, आत बसलेल्यांपैकी किती घरी येतात. तू हसायचास, पण त्यातलंच तुझं सगळ्यात आवडतं म्हणजे अब्राम्सचा मागचा कप्पा. रशियन टँकमध्ये दारूगोळा माणसांच्या पायाखालीच गोल मांडलेला असतो, तिथे नेमका गोळा लागला की तोफेसकट वरचा आख्खा बुरूज उडतो. अब्राम्समध्ये बहुतेक गोळे मागे, वेगळ्या कप्प्यात, मध्ये जाड सरकतं दार. गोळे पेटले तर कप्प्याचं छप्पर उडतं, आग आकाशाकडे जाते, माणसं अलीकडे बसलेली राहतात. ते समजावताना तुझे डोळे चमकायचे. "टँक गेला तरी चालेल, माणसं वाचली पाहिजेत. याला डिझाइन म्हणतात, ताई." किती वेळा ऐकलंय हे वाक्य. ऐकून ऐकून कान किटले होते, नीट ऐकलं मात्र नव्हतं.

बागेतल्या टँकचा दिवस तुला आठवतो का? तुला खरा टँक बघायचा होता, चित्रातला नाही. आपल्याच उपनगरातल्या एका बागेत चौथऱ्यावर जुना निवृत्त रणगाडा ठेवलाय, असं मला ऑफिसात कळलं. रविवारी रिक्षाने गेलो. चौथऱ्याला पायऱ्या, उतार नाही. वर पोरं माकडासारखी चढलेली, तोफेला लोंबकळत होती. मी तुला उचलून ट्रॅकच्या वरच्या पत्र्यावर बसवलं. पत्रा उन्हाने तापलेला, खाली माझी ओढणी अंथरली. तेवढ्यात वॉचमन शिट्टी फुंकत आला.

"मॅडम, उतरवा त्यांना. पेशंट आहे ना? पडले-बिडले तर?"

"ती पोरं पडत नाहीत?"

"त्यांचं वेगळं आहे."

तू म्हणालास, "काका, मी पेशंट नाही. मी कमांडर आहे. पाच मिनिटं द्या, पाहणी करतो आणि जातो." तो बिचारा गडबडला, आणि शिट्टी खिशात ठेवून बाजूला उभा राहिला.

तू मान वळेल तेवढी वळवून पाहणी केलीस. हळूहळू तुझा चेहरा उतरत गेला. झाकणं वेल्डिंग करून बंद केलेली. तोफेच्या तोंडात सिमेंट. मागे इंजिनच्या जागी पोकळी, त्यात वेफर्सची पाकिटं. वरून हिरवा रंग इतका जाड की खिळ्यांची डोकी दिसत नव्हती.

"हा टँक नाही," तू म्हणालास. "टँकचा फोटो आहे. फक्त हार घालायचा बाकी आहे."

मला वाईट वाटलं, इतकं धडपडून आणलं होतं. मी म्हटलं, "पण माझ्या मापाने हाच पहिला. याच्यात आता कोणी मरत नाही."

तू इतका हसलास की तुला खोकला आला, आणि मला तुला धरून बसावं लागलं. "मग ठरलं. तुझा पहिला नंबर बागेतला. रोज धुतात, पोरं खेळतात, गोळी चालत नाही. वा, काय टँक आहे!" परतताना रिक्षात तू डोळे मिटून घेतलेस. मला वाटलं दमलास.

गेल्या काही वर्षांत तुझे व्हिडिओ बदलले. युक्रेनमधली दृश्यं यायला लागली. ज्या टँकना तू पहिल्या पाचात बसवलं होतंस, ते शेतात जळत होते. वरून एक खेळण्याएवढा ड्रोन यायचा आणि सगळं चिलखत, सगळी क्रमवारी फुकट. टँकवर लोखंडी जाळ्या बांधायला लागले, कोंबड्यांच्या खुराड्यावर असतात तशा. तू ते पुन्हा पुन्हा बघायचास. एकदा मी फोन ओढून घेतला तर म्हणालास, "झाकण उघडतं का ते बघतोय." मी विचारलं, कसलं झाकण? "वरचं. कोणी बाहेर येतं का. बहुतेक वेळा व्हिडिओ आधीच संपतो." त्यानंतर तू बरेच दिवस काही रेकॉर्ड केलं नाहीस. क्रमवारी दोन नंबरपर्यंत येऊन थांबली.

मग तो कफ, तो ताप, आणि हॉस्पिटल. डॉक्टर चांगले होते, त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांनी सरळ सांगितलं. श्वासाच्या मास्कवर फार काळ निभणार नाही. घशाला छेद देऊन नळी बसवली तर यंत्रावर घरी राहता येईल, किती वर्षं ते सांगता येत नाही. बोलणं बहुधा जाईल. आणि जवळ सतत कोणीतरी जागं लागेल. तू सगळं ऐकलंस आणि म्हणालास, "नको." जणू कोणी चहात साखर विचारली होती.

आईने तुझ्या डोक्यावरून हात फिरवला. "तू म्हणशील तसं, राजा." बस, एवढंच. त्यानंतर ती खिडकीपाशी गेली आणि पाठमोरी उभी राहिली.

मी ऐकणाऱ्यातली नव्हते, तुला माहीत होतं. दुपारच्या भेटीच्या वेळी मी तयारी करून आले. तू मास्क बाजूला करायची खूण केलीस, तुकड्या-तुकड्यांत बोललास.

"मला बागेतला टँक करू नका, ताई."

"अरे, तूच सांगितलं होतंस ना? हलता न येणारा टँक बुरुजापर्यंत जमिनीत पुरतात, तरी लढतो तो."

"त्याला रसद लागते. कोण आणणार?"

"लोडर आणणार. अजून कोण?"

"लोडरला पुण्याची बढती आली होती. लोडर नाही म्हणाली."

हे तुला कुठून कळलं, देव जाणे. मी फोनवर बाल्कनीत बोलले होते. मला भयंकर संताप आला. माझी बढती, माझी मर्जी, तू कोण हिशोब करणारा? आणि तेव्हाच तू म्हणालास, शांतपणे, मधे दम घेत, "टँक गेला तरी चालेल. माणसं वाचली पाहिजेत."

नर्सने मास्क लावला, मला बाहेर जायला सांगितलं. जिना उतरताना मला उत्तर सुचलं. नेहमीसारखं उशिरा. दुसऱ्या दिवशी सांगायचं ठरवून मी ते घोकत घरी आले. दुसऱ्या दिवशी तू डोळे उघडत होतास, पण ऐकत नव्हतास. मग तेही थांबलं.

म्हणून आता सांगते. तू टँक कधी झालास रे? इतकी वर्षं तू कमांडर होतास. ठरलं होतं ना आपलं? टँक म्हणजे तो आजार, ती खुर्ची, ते झिजलेले स्नायू. तो गेला असता तर चाललंच असतं, मी नाचले असते. पण तू आत बसलेला माणूस होतास. वाचवायच्या माणसांत तुझी मोजणी का नाही केलीस? तुझं ते लाडकं जाड दार, ते बंद करताना तू स्वतः चुकीच्या बाजूला राहिलास. एवढा टँकचा जाणकार, आणि ही चूक. याचं उत्तर तुझ्याकडे असणारच. तुझ्याकडे नेहमी असायचं. म्हणून जास्त राग येतो.

आणि तरी एक गोष्ट कबूल करायला हवी, नाहीतर खोटं होईल. तू ठरवलं नसतंस तर आम्हा दोघींना ठरवावं लागलं असतं. नळी घाला म्हटलं असतं तरी, आणि नको म्हटलं असतं तरी, आई उरलेलं आयुष्य तेच उगाळत बसली असती. तुझा आजार तिच्याकडून आला, हे कोणीतरी तिला एकदा तोंडावर ऐकवलंय आणि ती ते विसरलेली नाही. हा निर्णय तू तिच्या माथ्यावर येऊ दिला नाहीस. ती आता झोपते. ऑटोलोडर कोपऱ्यात उभा आहे, झोळी घडी करून वर ठेवलीय, कंबरेचा पट्टा तिने काढून टाकलाय. त्यासाठी मी तुझी ऋणी आहे. राग त्याने कमी होत नाही.

तुला आणलं तेव्हा बिल्डिंगखाली सगळे जमले होते. शेजारचे म्हणाले, खालीच दर्शन घ्या, तीन मजले कुठे चढवताय. आई म्हणाली, "घरी न जाता कुठंच जायचा नाही तो." तिच्यापुढे कोण बोलणार. आत्याची मुलं पुढे झाली. मी म्हटलं, डोक्याकडची बाजू माझी. काखेत हात घातले, पकड बसली, आणि सवयीने माझ्या तोंडून निघालं, "अप!"

सगळे थबकले. आत्याच्या मुलांना वाटलं मी काहीतरी सूचना देतेय, ते माझ्याकडे बघत राहिले. मी वाट बघत होते. खरंच वाट बघत होते, सुमेध. मग आई वरच्या पायरीवरून म्हणाली, "पुढे." तेवढंच. तिचा आवाज कापला नाही. आम्ही चढायला लागलो.

परवा तुझा चॅनल उघडला. शेवटच्या व्हिडिओखाली अजून लोक विचारतायत. "भाऊ, पहिला नंबर कोणाचा?" "किती वाट बघायला लावणार?" एकाने लिहिलंय, भाऊला नक्की लेपर्ड आवडतो. दुसरा म्हणतो, ड्रोनच्या जमान्यात आता टँक संपले. भांडतायत दोघे, तुला मजा आली असती. तू गेलास हे मी त्यांना सांगितलेलं नाही. त्यांना टँक बघायचेत, तुला नाही.

पण उत्तर दिलं. तुझं मत मला माहीत नाही, तू सांगितलं नाहीस, म्हणून माझं दिलं. हलत नाही, बोलत नाही, गोळी चालवत नाही, रोज कोणाला तरी पुसावा लागतो, पण संध्याकाळी घरी आलं की जागेवर असतो. मला तेवढा पुरला असता रे. मी लिहिलं, "पहिला नंबर, बागेतला."

कोणाला काही कळलं नाही.